डोळे कुठे असतात

लोता, तिसरीचा वर्ग, मंगळवारचा दुसरा तास.
मुलं एकवीस, आरसे एकोणीस.
उरलेल्या दोघांना म्हटलं,
तुम्ही एकमेकांचं तोंड बघा.

ते दोघे निघाले यानारा आणि एलिसेओ.
ठरवून केलं नव्हतं मी.
ठरवलं असतं तर धीर झाला नसता.

सुरुवात नेहमीची:
अंडं काढा, ते डोकं. आता डोळे.
आणि एकवीसच्या एकवीस जणांनी
डोळे नेऊन ठेवले कपाळात,
जन्मल्यापासून सगळी चकितच असल्यासारखे.
असतीलही.

मी दोरा घेते. हनुवटीपासून टाळूपर्यंत
मातेओचं डोकं मापते, दोरा दुमडते,
घडी येते नेमकी बुबुळांवर.
बघा, डोळे मध्यावर असतात.
खाली जेवढा चेहरा, वर तेवढंच डोकं.
“मग वर एवढं असतं काय?”
केस, मी म्हणते. आणि पाढे.
त्याला पटत नाही. तो आपलं कपाळ
चाचपून बघतो,
भाड्याने घ्यायच्या खोलीच्या भिंतीसारखं.

मग कोळसा वाटते.
विलोच्या काड्यांचा, हलका, बोटात मोडणारा.
पण या गावात कोळसा म्हटलं
की मुलं आधी खिडकीतून समुद्राकडे बघतात.
खाण त्याच्या पोटाखाली गेलेली, लांबवर.
“पणजोबा वर यायचे ना,
तेव्हा कोण कुठला ते डोळ्यांवरूनच कळायचं,”
रोसाल्बा म्हणते, मान वर न करता,
आणि अख्खा कागद काळा करत जाते,
दोन जागा सोडून.
तिला मी काय शिकवायचं.

नियम एकच: कागदाकडे बघायचं नाही.
कोळसा म्हणजे मुंगी.
नजर चालेल तिथे मुंगी चालेल,
घाई नाही, उडी नाही.

यानारा पहिली पाच मिनिटं
एलिसेओचा कानच काढत होती.
कान बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात.
मग जबडा. मग नाक, दोनदा.
मग मुंगी डाव्या भुवईपाशी आली
आणि थांबली.

एप्रिलमध्ये, पंपाच्या मागे, तिने मारलेला दगड.
तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.
आया बोलत नाहीत. मासळीच्या रांगेत
आज्यासुद्धा पाठ फिरवून उभ्या राहतात.

मी शेगडीत लाकूड सारत राहिले,
ते आधीच पुरेसं आत होतं.

“तीन आहेत,” एलिसेओ म्हणाला,
ओठ न हलवता, कारण चित्र काढून घेणाऱ्याने
हलायचं नसतं. “टाके. तीन.”
तिने चार काढले होते.
एक अंगठ्याने पुसला,
पण कोळसा पुसला जात नाही, पसरतो.
मग वाकून, काळ्या बोटाने,
तिने त्याची भुवई मोजली.
एक. दोन. तीन.

त्याचं चित्र मी नंतर पाहिलं.
वेण्या बरोबर, पुढचा पडलेला दात बरोबर,
आणि डोळे?
गेले परत कपाळात.
एलिसेओ, मी म्हटलं, आपण दोरा लावला होता ना?
“हो मिस. पण दगड लागला तेव्हा
तिचे तिथेच होते.”

दोरा माझ्या हातात होता. खिशात ठेवला.
तपासणीच्या तक्त्यात एक रकाना आहे,
‘प्रमाण’, दहापैकी.
त्याच्या नावापुढे तो अजून कोरा आहे,
शुक्रवारपर्यंत मुख्याध्यापिकांना द्यायचाय.

घंटा झाली. नळावर रांग,
एकवीस जोड्या हात, वाहतं काळं पाणी.
एलिसेओने हात धुतले, तोंड नाही.
भुवईवर तीन ठिपके घेऊन
तो फुटबॉलला पळाला.

वर्गात मातेओ एकटाच उरला होता,
आरशासमोर, दोन बोटं डोळ्यांवर,
दुसऱ्या हाताने वरचं सगळं
पुन्हा पुन्हा मापत.